आतला दरबार

मराठी माणसाला रूपकाची भाषा शिकवावी लागत नाही. एकनाथांच्या भारुडातला विंचू चावतो, तेव्हा तो कुठल्या अडगळीतून निघाला असे कीर्तनाला बसलेली म्हातारी कधी विचारत नाही. तो माणसाच्या मनातच दबा धरून बसलेला असतो हे तिला ठाऊक असते. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली पालखी अकोल्यावरून पुढे जाते. त्या दिंडीत चालणारा शेतकरी एकाच वेळी दोन वाटा चालत असतो. एक पायाखालची, डांबरी, दुसरी आतली. पंढरपूर नकाशावर आहे आणि देहातही आहे, यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही.

बायबलच्या बाबतीत मात्र आपला हा कान बंद असतो. ते पुस्तक म्हणजे मिशनऱ्यांनी बाजाराच्या दिवशी वाटलेली पत्रके, किंवा दूरच्या वाळवंटी मुलखातल्या परक्या लोकांचा इतिहास, एवढीच आपली समजूत. अकोला, अमरावती, खामगाव या गावांत शंभर वर्षांहून अधिक काळ चर्च उभी आहेत, दर रविवारी तेथे मराठीत भजने होतात, आणि तरीही बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या आपल्याला ती भजने कोणाची हे माहीत नसते. त्यांतली कित्येक एका कोकणस्थ ब्राह्मणाने लिहिलेली आहेत. वारकऱ्याच्या कानाने बायबल वाचणारा तो माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

शाळेच्या पुस्तकातून टिळक आपल्याला भेटतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. जरा मोठे झालो की ‘स्मृतिचित्रे’ वाचतो आणि मग ते लक्ष्मीबाईंचे यजमान होतात. विसराळू, तापट, उदार आणि अत्यंत गैरसोयीचे. या दोन ओळखींच्या मध्ये एक तिसरा टिळक उभा आहे. एका पुस्तकातली काही पाने त्याने वाचली आणि ती पाने त्याच्या आयुष्यात घडू लागली. आज त्या टिळकांविषयी बोलायचे आहे.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी त्यांचा जन्म झाला. वडील वामनराव कडक आणि संतापी. आई मायाळू, कवितेची आवड असलेली. ती लहानपणीच गेली आणि घराचा धागा तुटला तो तुटलाच. नाशिकला शास्त्रीबुवांकडे संस्कृत झाले, थोडे इंग्रजी झाले, आणि १८८० मध्ये जवळच्याच जलालपूरच्या गोखल्यांची अकरा-बारा वर्षांची मुलगी घरात आली. तीच पुढे लक्ष्मीबाई. नारायणरावांच्या पायाला मात्र भिंगरी होती. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा कुठेच नाही. सामान आणायला पैसे घेऊन बाहेर पडावे आणि भलतीच वस्तू घेऊन घरी यावे, असा हा संसारी.

या भटकंतीत १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम सुरू झाले. ‘ऋषी’ नावाचे मासिक त्यांनी काढले आणि त्यातून धर्माची चर्चा चालवली. या काळात त्यांचा जुन्या आचारावरचा विश्वास उडत चालला होता. जातिभेद त्यांना पटेना, मूर्तिपूजा पटेना, पुनर्जन्मही पटेना. तेव्हा त्यांनी स्वतःच एका नव्या धर्माची कलमे मनाशी तयार केली. ईश्वर एक, तो सर्वांचा पिता, माणसे भावंडे, कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत नाही. कलमे चांगली होती. पण कलमांनी कायदा होतो, माणूस बदलत नाही, हा अनुभव त्यांना लवकरच आला असावा.

१८९३ साली नोकरीच्या निमित्ताने ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. बंगाल-नागपूर रेल्वेचा तो मार्ग. तुमसर, गोंदिया, डोंगरगड अशी स्टेशने घेत गाडी पूर्वेला जाते. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. या काळ्या माणसाशी ते सौजन्याने वागले, त्याच्याशी संस्कृत काव्यावर आणि धर्मावर बोलले, आणि उतरताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत त्याच्या हातात ठेवली. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही ते सांगून गेले. टिळकांना ते अर्थातच हास्यास्पद वाटले. हे गृहस्थ म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड, असे पुढे सांगितले गेले आहे. ते ज्या फ्री मेथडिस्ट मिशनचे, त्याचे वऱ्हाडाशी, विशेषतः यवतमाळशी जुने नाते. म्हणजे मराठी साहित्याला वळण देणाऱ्या त्या भेटीत आपल्या मुलखाचाही थोडा हात होता, असे म्हणायला हरकत नाही.

पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता म्हणून टिळकांनी ते वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पाचवे, सहावे, सातवे प्रकरण आले आणि ते तेथेच थांबले. हे डोंगरावरचे प्रवचन. त्यात काय आहे? वाचकहो, धर्माची चर्चा बाजूला ठेवून ती तीन प्रकरणे एकदा निवांत वाचून पाहा. त्यात कर्मकांड जवळजवळ नाही. खून करू नये एवढ्यावर येशू थांबत नाही. ज्या रागातून खून उगवतो त्या रागापर्यंत तो माणसाला नेतो. व्यभिचार टाळला एवढे पुरत नाही. नजर कुठे जाते ते पाहा, असे सांगतो. दान द्यायचे ते डाव्या हाताला कळू न देता. प्रार्थना करायची ती चव्हाट्यावर नव्हे, आतल्या खोलीत, दार लावून. ही आतली खोली कोणती? आपल्या जुन्या वाड्यांत ओसरी असे, बैठक असे, माजघर असे आणि अगदी आत देवघर असे. ओसरीवर कोणीही येई, देवघरात घरचाच माणूस जाई. मनाचीही तशीच रचना आहे, आणि आपण जन्मभर ओसरीवरच बसून राहतो, हे त्या छोट्याशा वाक्याचे सांगणे आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही गोष्टही याच प्रवचनातली. ती मराठीत इतकी मुरली आहे, की ती बायबलातही आहे हे सांगितले तर लोक चकित होतात.

टिळक स्वभावाने तापट होते. रागाचे मूळ उपटण्याविषयीचा तो मजकूर कोणासाठी लिहिला आहे, हे शोधायला त्यांना फार दूर जावे लागले नसेल. स्वतः तयार केलेली कलमे जगाला सांगायची होती. ही पाने त्यांच्याशीच बोलत होती. फरक एवढाच, आणि फरक हाच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. बायबल आतल्या अंगाने वाचणारे दोन प्रकारचे लोक असतात. काहींच्या मते त्यातली माणसे, डोंगर, समुद्र ही सारी केवळ चिन्हे. ख्रिस्त म्हणजे मनाची एक उन्नत अवस्था, बाकी काही नाही. टिळक त्यांतले नव्हते. त्यांचा ख्रिस्त खरोखर जन्मलेला, खरोखर क्रूसावर गेलेला आणि खरोखर जिवंत असलेला होता. पण तो आपल्या आत पुन्हा जन्मल्याशिवाय त्याचा आपल्याला उपयोग नाही, हेही त्यांना तितकेच खरे वाटत होते. वारकऱ्याचा विठोबा विटेवरही असतो आणि अंतरातही असतो, तसेच हे. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशा आशयाचे ते पुढे सांगत. पूल ओलांडून गेलेला माणूस सहसा पूल विसरतो. टिळक विसरले नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतल्या पाहुण्याने दिलेली मुदत जवळजवळ तंतोतंत पाळली गेली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मत्तयाच्या तेराव्या प्रकरणात एक लहानसा दाखला आहे. शेतात गाडलेले धन एका माणसाला सापडते, आणि तो आनंदाने आपले होते नव्हते ते विकून ते शेत विकत घेतो. वाचायला फार सुंदर. पण त्या माणसाला बायको होती का? होते नव्हते ते विकले, त्यात तिची जोंधळ्याची कणगी होती का, दूधदुभत्याची म्हैस होती का? दाखला हे सांगत नाही. टिळकांच्या चरित्रात मात्र ते सांगितलेले आहे, कारण बायको पुढे लेखिका झाली.

बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून हातचा गेलेला. कुंकू लावायचे, पण कोणाच्या नावाने, असा प्रश्न. त्या पंढरपुरात आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. योगायोग पाहा. तुकोबांचे बोट धरून नवरा ख्रिस्ताकडे गेला, आणि त्याच्यामुळे एकटी पडलेली बायको तुकोबांच्याच विठोबाच्या गावी येऊन पडली. टिळक अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात शिरले. तेथून ते पत्रे लिहीत, कविता लिहीत, येण्याची विनवणी करीत. चार-पाच वर्षे अशी गेली. नातेवाईक काय म्हणाले, शेजारणी काय म्हणाल्या, रात्री पोराला थोपटताना स्वतःचे मन काय म्हणाले, हे सारे ‘स्मृतिचित्रे’त आले आहे, तेही कुठे नवऱ्याविषयी कडवटपणा न ठेवता, स्वतःची थट्टा करीत.

आयुष्यभर बँकेच्या खातेवह्या पाहण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला येथे राहवत नाही. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात येशू जी प्रार्थना शिकवतो, तिच्यात पाप या शब्दाच्या जागी मत्तयाने ऋण हा शब्द वापरला आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना मोकळे केले, तसे तू आम्हाला कर, असा तिचा भाव. वऱ्हाडातल्या माणसाला कर्ज म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. कपाशीच्या भरवशावर काढलेले पीककर्ज, मग थकबाकी, मग नोटीस; कागदावरची रक्कम हळूहळू माणसाच्या छातीवर येऊन बसते. मनातही अशाच वह्या असतात. कोणी अपमान केला, कोणी फसवले, कोणी सोडून गेले. व्याज चढत राहते, आणि गंमत अशी, की त्या व्याजाखाली ऋणकोपेक्षा सावकारच चिरडला जातो. मन मोकळे होते ते येणे निर्लेखित केल्यावर. लक्ष्मीबाईंचे टिळकांकडे केवढे येणे होते! त्यांनी ते सोडले. बायबलमधले ते वाक्य तेव्हा त्यांनी वाचलेही नसेल.

त्या नगरला गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, नवऱ्याजवळ राहण्यासाठी. आपले सोवळे त्यांनी बरोबर नेले. वेगळी चूल, वेगळे पाणी, मिशनच्या आवारात राहून कोणाची सावली पडू नये म्हणून चाललेली धडपड. टिळकांनी या बाबतीत घाई केली नाही, सक्ती केली नाही. हे त्या तापट माणसाचे मोठेच यश म्हटले पाहिजे. आणि मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला, की पशुपक्ष्यांत देवाने जाती केल्या त्या दिसतात, ओळखू येतात. माणसामाणसांत तसा फरक कुठे आहे? तो आपणच केला. विचार संपला तेव्हा सोवळेही संपले. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण खरा पालट त्याआधीच पाण्याच्या भांड्याशी झालेला होता.

निकदेम नावाचा एक विद्वान रात्री गुपचूप येशूकडे येतो, आणि माणसाने पुन्हा जन्मले पाहिजे हे ऐकून गोंधळतो. म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाणार, असे विचारतो. योहानाच्या तिसऱ्या प्रकरणातली ही गोष्ट आहे. आपल्याकडे द्विज हा शब्द आहे. दुसऱ्या जन्माची कल्पना आपल्याला परकी नाही. पण आपण तो दुसरा जन्म मुंजीच्या जानव्यात बांधून ठेवला. टिळक पती-पत्नी जानवे आणि सोवळे सोडून द्विज झाले, असे म्हटले तर ते शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच होईल. टिळकांचा पुनर्जन्म एका पुस्तकातून झाला, लक्ष्मीबाईंचा एका साध्या विचारातून. दारे दोन, घर एकच.

पुढली वीस-बावीस वर्षे नगरची. टिळकांनी तेथे धर्मशास्त्र शिकवले, १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले, ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू सांभाळली. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत त्यांच्या घरात अनाथ पोरांना आसरा मिळाला. त्र्यंबक ठोंबरे नावाचा एक हळवा तरुण त्यांच्या घरी मुलासारखा राहिला, तोच बालकवी. आणि टिळकांनी चर्चला भजन दिले. तोवर तेथे इंग्रजी चालींवर बेतलेली गीते बरीच होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि कीर्तन आत आणले. येशूला त्यांनी गुरू म्हटले, मायबाप म्हटले, आई म्हटले. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून हे दार एकदा उघडले होते; टिळकांनी ते घरोघरी उघडले. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या चर्चमधून टाळांचा आवाज ऐकू आला तर त्यामागे हे आहे.

तरीही त्यांचे समाधान होईना. मिशन म्हणजे एक कचेरी झाली होती. पगार होता, अहवाल होते, बाप्तिस्म्यांची मोजदाद होती. देवाचे राज्य अमुक ठिकाणी आहे असे बोट दाखवून सांगता येत नाही, ते आतच आहे, असा लूकच्या सतराव्या प्रकरणातला बोध. आणि इकडे त्या राज्याची शिरगणती चाललेली. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात सारखीच जागा. ख्रिस्तावर प्रेम हवे. नाव कोणत्या वहीत आहे ते कोणी पाहणार नव्हते. बावीस वर्षांपूर्वी धर्मासाठी जात, घर, गोत सोडलेल्या माणसाने आता त्या धर्माची वेसही आपल्यापुरती सोडली. पिठात कालवलेले खमीर दिसत नाही, पण सगळे पीठ फुगवते, अशी येशूने देवाच्या राज्याला उपमा दिली आहे. टिळकांना आपल्या समाजात तसे कालवले जायचे होते. वेगळा गोळा होऊन राहायचे नव्हते.

त्यांना वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय पुरे अठ्ठावन्नही नव्हते. दरबार त्यांच्या पश्चात फार काळ टिकला नाही. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्रही अपुरे राहिले. दहा-अकरा अध्यायच झाले होते. हिशेबाने पाहिले तर ही सारी अपुऱ्या कामांची यादी.

पण गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, असे योहानाच्या बाराव्या प्रकरणात म्हटले आहे. शेतकऱ्याला यात रूपक वाटत नाही, तो हे दर हंगामात पाहतो. टिळकांनी ज्या बायकोला लिहिण्यावाचण्याची गोडी लावली, तिने ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली. शेवट मुलाने, देवदत्ताने केला. तिच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. १९३६ साली लक्ष्मीबाईही गेल्या, पण ते पुस्तक आजही घराघरांत वाचले जाते. ज्यांनी ‘ख्रिस्तायन’चे पानही उलटले नाही, अशा लाखो मराठी माणसांना टिळक माहीत आहेत ते त्या पुस्तकामुळे. ज्या शेतासाठी तिचे होते नव्हते ते विकले गेले होते, त्या शेताचे पीक शेवटी तिनेच घरी आणले.

वऱ्हाडात अशा माणसांचा तोटा नव्हता. टिळकांच्याच काळात अमरावती जिल्ह्यात गुलाबराव महाराज डोळे नसताना आतल्या प्रकाशात ग्रंथ रचत होते, आणि त्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन बाहेरचा आणि आतला उकिरडा एकदम झाडत होते. वाटा निराळ्या होत्या. ग्रंथ, मूर्ती, मंदिर, चर्च ही सारी ओसरी आहे आणि माणसाला आत जायचे आहे, ही जाणीव मात्र तिघांचीही.

धर्मग्रंथातल्या गोष्टींचा आतला अर्थ सांगणारी प्रवचने आज पुष्कळ होतात. समुद्र म्हणजे मन, वादळ म्हणजे विकार, नाव म्हणजे श्रद्धा असे कोष्टक मांडून देणे फारसे अवघड नाही, आणि ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. अवघड असते ते पुढचे. टिळकांच्या चरित्राने एक साधी कसोटी ठेवली आहे. अर्थ खरोखर आत उतरला असेल तर तो घरात दिसतो. रागात दिसतो, पैशात दिसतो, बायकोला किती वेळ दिला यात दिसतो, आणि कोणाच्या हातचे पाणी आपल्याला चालते यात दिसतो. तेथे दिसत नसेल, तर पुस्तक कोणतेही असो, आपण ते अजून ओसरीवरच बसून वाचतो आहोत.